हिरव्या फाइलवरच्या अकरा रेघा

रोझलिन वाव्रिनेकबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही, हे ऑरिन थॉर्सेनला कळलं तेव्हा तो तिच्याच अंत्यविधीनंतरच्या जेवणाला बसला होता.

चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडली होती. तिचा भाऊ लॅड ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "चौदा वर्षं तुम्ही तिच्या शेजारी बसलात. काहीतरी सांगा ना. घरी ती ऑफिसचं अक्षरही काढायची नाही."

ऑरिनने हातातला काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "तिच्या पेन्सिलीला कायम छान टोक असायचं."

"ती खटक्याची पेन्सिल वापरायची," लॅड म्हणाला. "तिला टोक काढावं लागत नाही."

"हो, हो. तीच ती." ऑरिनचे कान लाल झाले.

लॅड भला माणूस होता. त्याने विषय बदलला, सूप थंड होतंय म्हणाला. पण निघताना गाडीतून एक जाड फाइल घेऊन आला. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, आत लोखंडी कड्या असलेली. "तिच्या टेबलाखाली होती. आत तुमचं नाव आहे," तो म्हणाला. फाइलच्या पाठीवर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा होता आणि त्यावर पिवळ्या पेन्सिलीच्या अकरा रेघा.

ऑरिनने ती फाइल शेजारच्या सीटवर ठेवली आणि शिकागोजवळच्या बर्विनहून घरापर्यंत गाडी अशी जपून चालवली, जणू तिथे कुणी बसलेलं आहे. मनात तो मोजत होता, आपल्याला काय काय ठाऊक आहे? ती कॉफी ओतून घ्यायची आणि विसरायची, मग गारढोण झाल्यावर एका दमात प्यायची. तिला एक भाऊ होता. सुट्टीत ती कुठे जायची ते ठाऊक नाही. लग्न का केलं नाही, ठाऊक नाही. विचारायचं धाडस कधी झालं नाही, आणि विचारणं बरंही दिसलं नसतं. तिच्या आयुष्यातले सहा आठवडे मात्र त्याला नीट माहीत होते. गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधले. त्या सहा आठवड्यांत तिने परीक्षेची पुस्तकं निवडली होती.

कॅलिवासचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. माणसं तीन: मालक स्टेलिओस कॅलिवास, ऑरिन आणि रोझलिन. काम मोठ्या इमारतींचं कधीच नव्हतं. शिकागोच्या गल्ल्यांमधली तीन बिऱ्हाडांची विटांची घरं, त्यांच्या कलत्या भिंती, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मागच्या बाजूचे लाकडी जिने आणि गॅलऱ्या. उन्हाळ्यात त्यांवर वीस-वीस माणसं उभी राहतात, हातात बिअर घेऊन, आणि खालचं लाकूड आतून कुजलेलं असतं. ते कुजलेलं लाकूड शोधायला जिन्याखाली सरपटत जायची ती रोझलिन. हिशेब करायची ती रोझलिन. नकाशे काढायचीही तीच. आणि नकाशावर शिक्का बसायचा कॅलिवासचा नाहीतर ऑरिनचा, कारण स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना त्या दोघांकडेच होता.

ती नकाशे काढणारी म्हणून लागली होती. नोकरी सांभाळून नऊ वर्षांत तिने पदवी घेतली. मग परवान्याची परीक्षा. या परीक्षेचे दोन भाग असतात: एक उभ्या भाराचा, म्हणजे माणसं, सामान, बर्फ यांच्या वजनाचा; दुसरा आडव्या भाराचा, म्हणजे वारा आणि भूकंप. एकेक भाग पूर्ण दिवसाचा. उभ्या भाराचा भाग ती पहिल्याच खेपेला पास झाली. आडव्याने तिला चारदा आडवं केलं. आणि नियम असा, की एक भाग पास झाल्यापासून पाच वर्षांत दुसरा झाला नाही, तर पहिलाही गेला. तिची पाच वर्षं त्या ऑक्टोबरमध्ये संपत होती. शिवाय स्वतःची पुस्तकं घेऊन बसता येणारी ती शेवटची परीक्षा होती. पुढच्या वर्षापासून सगळं संगणकाच्या पडद्यावर, रिकाम्या हातांनी. रोझलिन त्रेपन्न वर्षांची होती. आता जमलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार नाही, असं तिने एकदाच सांगितलं होतं, तेही कॅलिवासने खोदून विचारल्यावर.

परीक्षेला हवी तितकी पुस्तकं नेता येत. यातच सगळे फसायचे. माणूस नापास झाला की घरी येऊन विचार करायचा, कुठलं पुस्तक असतं तर तो प्रश्न सुटला असता? मग ते पुस्तक यादीत चढायचं. पुढच्या वेळी आणखी एक. परीक्षेच्या सकाळी सभागृहाबाहेर लोक प्रवासी बॅगा, ढकलगाड्या, दुधाचे प्लास्टिकचे क्रेट ओढत यायचे, विमान पकडायला निघाल्यासारखे. रोझलिनने पहिल्या खेपेला बारा पुस्तकं नेली होती. चौथ्या खेपेला एक्केचाळीस.

"एक्केचाळीस!" कॅलिवास म्हणाला होता. "अगं, परीक्षेला चालली होतीस की बिऱ्हाड हलवत होतीस?"

"तू गप्प बस. तुझ्या वेळी तुझ्या मामाने पुस्तकं उचलली होती, तूच सांगितलंस."

"मामा होता म्हणून पास झालो. तुला लॅड आहे की!"

"लॅडची पाठ धरलीये. मागच्या ऑक्टोबरपासूनच."

कॅलिवास हसत आत गेला. ती मात्र हसली नाही. खुर्ची वळवून तिने ऑरिनकडे पाहिलं. दोघांच्या टेबलांमध्ये कंबरेएवढी लाकडी फळी होती. चौदा वर्षं ती फळी ओलांडून दोघं एकमेकांना "अहो थॉर्सेन" आणि "अहो मिस वाव्रिनेक" म्हणत आले होते. कॅलिवास त्यांना राजवाड्यातले राजदूत म्हणायचा.

"थॉर्सेन, एक विचारू? माझी उत्तरं चुकत नाहीत हो. मला ती सापडतच नाहीत. टेबल एवढंसं. निम्मी पुस्तकं जमिनीवर. मी वाकते, शोधते, वर येते, तोवर प्रश्न काय होता तेच विसरते. तुम्ही किती पुस्तकं नेली होती?"

ऑरिनने समोरचा कागद सरळ केला. ऑफिसात सगळ्यांची समजूत होती की थॉर्सेन पहिल्याच खेपेला पास झाला. कॅलिवास ते गिऱ्हाइकांनाही सांगायचा. खरं म्हणजे ऑरिन दोनदा नापास झाला होता, बायकोखेरीज कुणाला कळू न देता, आणि बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

"थोडीच," तो म्हणाला. "आणि एक फाइल. माझी मीच केलेली."

"आहे अजून?"

"असेल कुठेतरी." ती कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. कपाटात वरच्या फळीवर, लग्नाच्या फोटोंच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी त्याने फाइल आणली आणि काही न बोलता फळीवर ठेवली. रोझलिनने ती दोन्ही हातांनी उचलली. पहिलं पान उघडलं, त्याचं जुनं, बारीक, सरळ अक्षर पाहिलं आणि म्हणाली, "बाप रे." एवढंच. ऑरिनला दिवसभर काम सुचलं नाही. इतका आनंद झाला होता की त्याला स्वतःचीच शंका आली.

त्याच दिवशी दुपारी तो पुन्हा फळीपाशी आला. असं तो क्वचितच करायचा.

"मला वाटतं… म्हणजे चुकत असेन मी. पण कुठलं पुस्तक लागेल हे ठरवायचं कशाला? पाहायचं. तुम्ही सरावाचे प्रश्न सोडवाल ना? प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक पट्टी चिकटवा. ज्या पुस्तकाने खरोखर उत्तर दिलं, त्यावर एक पिवळी रेघ."

पिवळी का, हे तिला सांगावं लागलं नाही. त्यांच्या धंद्यातला तो रोजचा रिवाज. एकाने केलेला हिशेब दुसरा तपासतो, तेव्हा बरोबर निघालेल्या प्रत्येक आकड्यावरून पिवळी पेन्सिल फिरवतो, चुकलेल्यावर लाल. पान पूर्ण पिवळं झालं की ते काम ऑफिसबाहेर जातं. रोझलिनचे हिशेब ऑरिन चौदा वर्षं पिवळे करत आला होता. लाल पेन्सिल त्याच्या खणात नवीकोरी राहिली होती.

"आणि नुसतं उघडलं, पण मिळालं नाही तर?"

"तर रेघ नाही."

"नुसतं जवळ असलं की बरं वाटतं, अशा पुस्तकाला?"

ऑरिन जरा घुटमळला. "त्यालाही नाही."

पुढचे सहा आठवडे ती सकाळी साताला ऑफिसात येऊन दोन तास प्रश्न सोडवायची. ऑरिन आठला यायचा आणि आवाज न करता बसायचा. फळीपलीकडून पानांची सळसळ, पेन्सिलीचा खटका, मधूनच "अरे माझ्या कर्मा!" आणि मग एखाद्या पुस्तकाच्या पाठीवर पेन्सिल ओढल्याचा आवाज. त्याने वाकून कधी पाहिलं नाही, पण रेघ कुठल्या बाजूला पडली यावर कान ठेवला. हिरवी फाइल तिच्या डाव्या हाताला होती. डावीकडून आवाज आल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण त्याचे कान आताशा धड नव्हते, म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी तिने त्याला रविवारी घरी बोलावलं. पुस्तकं समोर मांडून काय ते एकदाच ठरवू या, म्हणाली. ऑरिन तिच्या घरी गेला तो त्या एकाच दिवशी.

तो नेमका मशरूमच्या जत्रेचा रविवार होता. बर्विनमधले चेक लोक ती जत्रा पिढ्यान्‌पिढ्या भरवत आलेत. रस्त्यावर मिरवणूक, ढोल, डोक्यावर कागदी छत्र्या घातलेली पोरं. ऑरिनला गाडी चार गल्ल्या लांब लावावी लागली. घर तिच्या आईवडिलांचं, बुटकं, विटांचं, पुढे तीन पायऱ्या. आत जेवणाच्या टेबलावर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तकंच पुस्तकं, सगळ्यांच्या पाठी बाहेरच्या बाजूला.

"आधी जेवू," ती म्हणाली. "ताटं मांडीवर घ्यावी लागतील. टेबल सुटलं हातातून."

भाजलेलं डुकराचं मांस, पावाचे उकडलेले गोळे, आंबट कोबी आणि मशरूमचा दाट रस्सा. ऑरिनने दोनदा वाढून घेतलं. तिने ते पाहिलं आणि खूश झाली. नंतर ताटं बाजूला सारून दोघं कामाला लागले.

काम सोपं निघालं. पट्ट्या बोलत होत्या. पोलादाचं जाडजूड पुस्तक रेघांनी भरलेलं, एक पट्टी पुरली नाही म्हणून दुसरी लावलेली. तसंच काँक्रीटचं, लाकडाचं, विटांच्या बांधकामाचं. वाऱ्या-भूकंपाच्या भारांचं तर पिवळ्या दोऱ्याने शिवून काढल्यासारखं. पुलांच्या पुस्तकाला रोझलिन आयुष्यभर घाबरत आली होती, त्यावरही एकोणीस. मग पटकन उतार. एका नावाजलेल्या शिकवणीचे चार खंड: दोन रेघा. मागच्या खेपेला ऐन वेळी घेतलेली सहा पुस्तकं: कोरी करकरीत.

"ही सहा तर मी उराशी धरून झोपले होते," ती म्हणाली.

"खाली ठेवा."

"तुम्ही दिसता तितके मऊ नाही आहात हं, थॉर्सेन."

एक्केचाळीसची दहा झाली. दहावी हिरवी फाइल. तिच्या पट्टीवर अकरा रेघा होत्या. रोझलिनने ती इतरांच्या वर ठेवली, जरा मोठ्या आवाजात म्हणाली, "ही तर येणारच," आणि कॉफी करायला स्वयंपाकघरात गेली.

ऑरिन एकटाच फाइलकडे पाहत उभा राहिला. आयुष्यभर तपासणीचं काम केलेल्या माणसाला काही गोष्टी दिसायच्या थांबत नाहीत. बाकीच्या पट्ट्यांवरची प्रत्येक रेघ वेगळी होती. एक जाड, एक फिकट, एक घाईत तिरकी गेलेली, एकीवर कॉफीचा डाग. वेगवेगळ्या सकाळी, वेगवेगळ्या मनःस्थितीत ओढलेल्या. हिरव्या फाइलवरच्या अकरा रेघा कंगव्याच्या दातांसारख्या होत्या. एकाच जाडीच्या, एकाच अंतरावर. त्या एका बैठकीत ओढलेल्या होत्या. बहुतेक आज सकाळीच, तो यायच्या आधी.

बाहेरून ढोलाचा आवाज येत होता. ऑरिन खाली बसला. गप्प राहणं सोपं होतं. तिने मान दिला होता, तो घ्यायचा आणि घरी जायचं. पण फाइल तीन किलोची होती. त्याहून वाईट म्हणजे तिच्यात भूकंपाचे चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे गुणक होते. नियम तेव्हापासून कितीदा बदलले. परीक्षेच्या घाईत, हाताशी आहे म्हणून तिने त्यातला एखादा आकडा उचलला, तर अख्खं उत्तर वाहून गेलं असतं. हे त्याला फाइल देतानाही माहीत होतं. माहीत असून दिली होती.

रोझलिन कॉफी घेऊन आली. तो म्हणाला, "मिस वाव्रिनेक, ही घरी राहू दे."

"का? अकरा रेघा आहेत."

"मी तपासल्या."

ती थबकली. कप टेबलावर ठेवायला जागा नव्हती, म्हणून हातातच धरून उभी राहिली. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. "तुमच्यापासून काही लपत नाही."

"यातले भूकंपाचे आकडे जुने आहेत. मी सांगायला हवं होतं. मला… मला ती कुणाला तरी दाखवायची होती, एवढंच." तो फाइलकडे बघूनच बोलत होता. "ही मी तिसऱ्या खेपेसाठी केली होती. त्याआधी दोनदा नापास झालो होतो. कॅलिवासला माहीत नाही."

मग रोझलिन शेजारच्या खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवून बसली. "दोनदा," ती म्हणाली. "आणि मी पाच वर्षं तुमच्यासमोर नापास होताना मान वर करत नव्हते."

"आधी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. रागाने नाही, पण सोडूनही दिलं नाही. ऑरिनला ते रास्त वाटलं.

मग तिने फाइल मांडीवर घेऊन पहिलं पान उघडलं. "मी हिला एकही रेघ मनापासून दिली नाही, हे खरं. पण हे पान मी रोज वाचत होते. याला रेघ कशी देणार? यात कुठलं उत्तरच नाही."

त्या पानावर सत्तावीस वर्षांच्या ऑरिनने स्वतःसाठी लिहिलेल्या तीनच ओळी होत्या. प्रश्न पूर्ण वाच. वारा कुठे लागतो तिथे बोट ठेव. तिथून जमिनीपर्यंत तो कुठून कुठून जातो ते बोटाने दाखवल्याशिवाय एकही पुस्तक उघडू नकोस.

"हे जुनं झालंय का?" तिने विचारलं.

"हे नाही होणार."

परीक्षेत सुटा कागद चालत नाही, सगळं बांधलेलं लागतं. रोझलिनने त्या तीन ओळी स्वतःच्या हाताने एका कोऱ्या कागदावर उतरवल्या, कागदाला भोकं पाडली आणि तो स्वतःच्या टिपणांच्या फाइलच्या सुरुवातीला लावला. तिची स्वतःची फाइल आणि ती नऊ पुस्तकं एका क्रेटमध्ये मावली. उचलून पाहिलं तर तिला एकटीला उचलता आलं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कॅलिवासने दारातच अडवलं. "काय गं? कशी गेली?"

"मोकळं टेबल होतं," ती म्हणाली. "शेजारच्या माणसाने माझ्या टेबलावर पुस्तक ठेवू का म्हणून विचारलं."

"मग?"

"नाही म्हटलं. मला बोट फिरवायला जागा हवी होती."

कॅलिवासला काही कळलं नाही. ऑरिनने मान खाली घालून पेन्सिलीला टोक केलं.

निकाल डिसेंबरात आला. तिने तो पडद्यावर वाचला, उठून खिडकीपाशी गेली आणि रस्त्याकडे पाहत उभी राहिली. कॅलिवास ओरडला, नाचला, खालून चष्मेवाल्यालाही वर बोलावून आणलं. ऑरिन फळीपाशी जाऊन म्हणाला, "अभिनंदन," आणि दुसरं काही सुचेना म्हणून पुन्हा म्हणाला, "अभिनंदन." महिनाअखेर तो निवृत्त झाला. कॅलिवासने निरोपाच्या भाषणात सांगितलं, थॉर्सेन पहिल्याच खेपेला पास झालेला माणूस. रोझलिनने केकचा तुकडा तोंडात टाकून छताकडे पाहिलं.

फेब्रुवारीत ऑफिसची किल्ली परत करायला तो गेला तेव्हा कॅलिवास बाहेर होता. रोझलिनच्या टेबलावर एका तीन मजली घराच्या मागच्या जिन्याचे नकाशे होते, कोपऱ्यात तिच्या नावाचा गोल शिक्का. पहिलाच.

"वेळ आहे का?" तिने विचारलं. "शिक्का माझा आहे, तपासायची गरज नाही. पण तरी."

तो आपल्या जुन्या खुर्चीत बसला. दीड तास लागला. पानं एकामागून एक पिवळी झाली. लाल पेन्सिल खणात तशीच होती. ती त्याने तिथेच राहू दिली. मग कोट घालून तो दाराशी गेला.

"थॉर्सेन, तुमची हिरवी फाइल माझ्याकडेच आहे. घेऊन जा ना."

"आज बसने आलोय. पुढच्या वेळी नेईन."

"बरं. आणि जिन्यात खालच्या दोन पायऱ्यांवर बर्फ आहे, कठडा धरून उतरा."

"धरतो," ऑरिन म्हणाला.